कुणाचीच नसलेली घड्याळं

१

मंगळवारी सकाळी नऊ ते नऊ वाजून नऊ मिनिटं, एवढ्या वेळात आमच्यातली अकरा माणसं नाहीशी झाली. ना रक्त, ना किंकाळी, ना मागे ठेवलेली चिठ्ठी. मिनिटाला एक, आणि शेवटी घाई झाल्यासारखी दोन-दोन.

मला लोक थापाड्या म्हणतात, म्हणून आधीच कबूल करतो: ह्या गोष्टीत माझी एक थाप आहे. एकच. ती मी शेवटी स्वतःच उघडी पाडणार आहे, तेव्हा शोधत बसू नका.

आमच्यातली म्हणजे 'चावी' ह्या साइटवरची. चावीची जुनी घड्याळं घरच्या घरी दुरुस्त करणाऱ्या हौशी लोकांची ही जागा. एकाने अडचण लिहायची, दुसऱ्याने उपाय सांगायचा, आणि माझ्यासारख्याने मध्येच एखादी गोष्ट सोडून द्यायची. नऊ वर्षं मी सकाळी तोंड धुवायच्या आधी 'चावी' उघडतो. दोन खोल्या, एक माणूस. दुसरं उघडायला आहे काय?

त्या दिवशी उघडायच्या आधीच फोन वाजला. साइट चालवणाऱ्या ताई. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण सगळे ताई म्हणतात म्हणून मीही.

"आजोबा, बसलात का?"

"आडवा आहे."

"मग तसेच राहा. अकरा जण खाती बंद करून गेले."

"भांडण झालं?"

"भांडायला माणसं लागतात! अहो, मी त्यांचं सगळं लिहिलेलं आत्ता एका बैठकीत वाचलं. दोनशे चौदा प्रश्न. एकूण एक यंत्राने लिहिलेले. ही माणसं कधी नव्हतीच."

मी उठून बसलो.

"आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे," ताईंचा आवाज खाली आला. "त्यांना आत आपल्या चौघांपैकीच कोणीतरी घेतलंय."

२

'चावी'त नवा माणूस असा तसा शिरत नाही. जुन्या चौघांपैकी एकाने त्याला आत घ्यावं लागतं. चौघं म्हणजे ताई, लिफ्टवाला, सिस्टर आणि मी. कोणी कोणाला घेतलं ह्याची नोंद नाही, कारण चौघांचा पासवर्ड एकच. "आपल्यात कसलं आलंय लपवायला," असं नऊ वर्षांपूर्वी ठरलं होतं. कुलपं उघडण्यात आयुष्य घालवलेल्या माणसांनी घराला कडी लावू नये, तसला प्रकार.

मी ताईंना गाठलं. त्या एका शाळेत ग्रंथपाल. पुस्तकांना पुठ्ठे घालायच्या मागच्या खोलीत बसतात, डिंकाच्या वासात.

"आता धोरणाचं काय?" मी विचारलं.

महिन्यापूर्वी त्यांनी एआयबद्दलच्या धोरणाचा मसुदा साइटवर टाकला होता. त्याला कारण होतं. आमच्यातल्या एकीने यंत्राकडून आणलेलं उत्तर दुसरीला स्वतःचं म्हणून दिलं. त्यात कमान, म्हणजे आतली ताणलेली स्प्रिंग, सैल न करता चक्र काढायला सांगितलं होतं. कमान सुटली, त्या दुसरीच्या आईचं घड्याळ गेलं आणि बोटाला पाच टाके पडले. तेव्हा नियम हवेत ह्यावर दुमत नव्हतं. पहिला: यंत्राचं लिखाण आपलं म्हणून खपवायचं नाही. दुसरा: प्रत्येकाने रविवारच्या सभेपर्यंत एक फोटो पाठवायचा, त्यात स्वतःचं घड्याळ आणि शेजारी स्वतःचा हात.

"चौतिसांपैकी तेहेतीस आले," ताई म्हणाल्या.

"राहिलंय कोण?"

"तुम्ही."

"पाठवतो हो. ऊन नीट पडू दे."

"महिनाभर पडतंय ते! असो. घोळ तिसऱ्या नियमाचा आहे. यंत्राचा प्रश्न सापडला तर त्याखालच्या उत्तरांसकट सगळं पुसायचं. आजोबा, त्या दोनशे चौदा प्रश्नांना कोणी उत्तरं दिलीत?"

मला माहीत होतं. उस्तादांनी.

उस्ताद आमच्यातले एकमेव खरे घड्याळवाले. दुसऱ्या गावी राहतात, आम्ही कोणीच त्यांना पाहिलेलं नाही. साठ वर्षं दुकान चालवलं. मग हात थरथरायला लागला, चिमट्यातून स्क्रू पडायला लागले, शटर खाली आलं. आता एका बोटाने टाइप करतात. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी साइटवर एक ओळ लिहिली होती: 'आठ दिवसांत कोणी काही विचारलं नाही. बरं चाललंय ना सगळ्यांचं?' त्या ओळीखाली कोणीच काही लिहिलं नाही. मीसुद्धा. मी त्या दिवशी माझी आगबोटीवरच्या घड्याळाची गोष्ट रंगवत होतो.

"साठ वर्षांचं ज्ञान आहे त्या उत्तरांत," ताई म्हणाल्या. "पुसलं तर गेलं. आणि त्यांना काय सांगू? की तीन महिने तुम्हाला कोणी विचारतच नव्हतं?"

मी डिंकाच्या बरणीचं झाकण फिरवत बसलो.

"तुम्ही लोकांच्या थापा चांगल्या ओळखता," त्यांनी माझ्यासमोर कागदांचा गठ्ठा ठेवला. "रविवारच्या आत शोधा. नाहीतर लिफ्टवाला सभेत एकेकाची उलटतपासणी घेईल, आणि सगळं उस्तादांच्या कानावर जाईल."

३

लिफ्टवाला अकरा मजली इमारतीच्या डोक्यावर, मोटारीच्या खोलीत सापडला. चाळिशीचा, हाताला ग्रीस, कानामागे पेन्सिल. तिसरा नियम त्याचाच.

"पाया खोटा, तर वरचं सगळं पाडायचं," तो म्हणाला. "लिफ्टचा एक दोर संशयास्पद निघाला तर मी बाकीच्यांवर लोकांना सोडत नाही."

"तू तर स्वतः सगळं यंत्राकडून लिहून घेतोस. बायकोला वाढदिवसाची चार ओळींची कविता दिलीस तीसुद्धा."

"तिला सांगून दिली! तिने काय ऐकवलं ते मला विचारू नका. मी वापरतो ते उघड वापरतो, आजोबा. लपवणाऱ्याची मला चीड आहे." मग त्याच्या चेहऱ्यावर खट्याळपणा आला. "तुमच्या गोष्टी मी यंत्र ओळखणाऱ्या यंत्रात घालून बघितल्या. आगबोटीवरचं उलटं चालणारं घड्याळ, एक्याण्णव टक्के एआय."

"आणि तू लिहिलेला तिसरा नियम घालून बघितलास?"

तो मोटारीकडे बघत म्हणाला, "चौऱ्याण्णव. पण तो मी हाताने लिहिलाय, आईशप्पथ."

तेव्हा ते यंत्र निकालात निघालं. जुन्या पद्धतीनेच शोधायचं होतं.

"हे बघा," लिफ्टवाल्याने गठ्ठ्यातला एक कागद काढला. "ह्या अकरांपैकी एकजण विचारतोय, माझ्या टेबलावरच्या गजराच्या घड्याळाचा लंबक सारखा थांबतो, काय करू? गजराच्या घड्याळाला लंबक असतो कधी? यंत्राने ठोकून दिलं ते ठीक. पण टाकणाऱ्याने वाचलं तर असेल ना? त्याला कळलं नाही?"

खाली उस्तादांचं उत्तर होतं. 'गजराच्या घड्याळाला लंबक नसतो. तरी तुमचा थांबत असेल, तर घड्याळ सपाट जागी ठेवा. आणि तुम्हीही जरा शांत बसा. दमल्यासारखे वाटता.'

मी ते उत्तर दोनदा वाचलं. घड्याळाच्या दुरुस्तीत दमलेल्या माणसाचं काय काम, हे मला तेव्हा कळलं नाही.

४

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. चौतीस वर्षं वॉर्डात काढलेली. तिच्या खोलीत पलंगाची चादर अशी ताणलेली असते की वर चिल्लर फेकली तर उडेल. भिंतीवर एकच घड्याळ, नवऱ्याचं. तो गेल्यावर महिनाभराने ते बंद पडलं. दुकानात द्यायचा तिला धीर झाला नाही. तेव्हा उस्तादांनी तीन दिवस एकेक पायरी लिहून तिच्याकडूनच ते दुरुस्त करून घेतलं होतं. तिने आयुष्यात उघडलेलं तेवढं एक घड्याळ. पण माणसांशी धीराने बोलते, म्हणून ताईंनी तिला चौघांत घेतलेलं.

"बसा. हात पुढे करा," म्हणाली. आणि मी काही विचारायच्या आत माझी नाडी धरून भिंतीकडे बघत राहिली. "झोप?"

"येत नाही. झोपेची गोळी सोडली मी परवा."

"एकदम सोडलीत?"

"सोडायची म्हटल्यावर सोडली."

"शाबास! अशी गोळी एकदम तोडत नाहीत, आजोबा. दोनाची एक, एकाची अर्धी, मग एक दिवसाआड. शरीराला कळू न देता उतरवायची असते. लहान आहात का तुम्ही?"

बोलणी खाऊन मी अकरा जणांचा विषय काढला. तिने माझा हात सोडला. कोण होते, कसे सापडले, कशाने कळलं, ह्यातलं एक अक्षर तिने विचारलं नाही.

"उस्तादांना कळलंय?" एवढंच म्हणाली.

जिना उतरताना माझ्या लक्षात आलं, माझी नाडी तिने मोजली खरी, पण आकडा सांगितलाच नाही.

५

घरी येऊन मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि दोनशे चौदा प्रश्न तारखेनुसार एकेक रेघ ओढून मांडले. चहा निवला, मग दुसरा केला, तोही निवला.

पहिले दोन महिने दिवसाला बरोबर तीन रेघा. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. रविवारीसुद्धा. मग ताईंनी धोरणाचा मसुदा टाकला, आणि दुसऱ्या दिवसापासून दिवसाला दोन. आठवड्याने एक. पुढे दोन आठवडे गेल्यावर एक दिवसाआड एक.

कागदावर जिना उतरत होता. जिना बघून मला पहिल्यांदा लिफ्टवाल्याचा संशय आला, ह्यावरून माझ्या डोक्याचं वय ओळखा.

मग नीट विचार केला. ताई आणि लिफ्टवाला घड्याळं कोळून प्यालेले आहेत. गजराच्या घड्याळाला लंबक लावणारा प्रश्न त्यांच्या नजरेतून सुटला नसता. म्हणजे टाकणाऱ्याला घड्याळातलं फारसं कळत नव्हतं. दुसरं, नियम येतोय म्हणून घाबरलेला माणूस त्याच दिवशी हात झटकून मोकळा होतो. हा मात्र महिनाभर हळूहळू कमी करत गेला, पकडलं जाण्याचा धोका पत्करून. का? ज्याला द्यायचं त्याला झटका बसू नये म्हणून.

आठ, दोन, आठ. ह्या वेळा घड्याळवाल्याच्या नव्हत्या. वॉर्डात औषधं वाटायच्या होत्या.

उरलो मी. पण मी ते केलं नव्हतं, एवढं मला तरी माहीत होतं.

६

शनिवारी दुपारी गेलो तर सिस्टरचं दार उघडंच होतं.

"किती डोस राहिले होते?" मी दारातूनच विचारलं.

"दोन," ती म्हणाली. "फोटो मागितले नसते तर आज संपलं असतं. आता अकरा हात कुठून आणू?"

मी बसलो. ती उभीच राहिली, पाहुण्यांची वेळ संपल्यावर नर्स उभी राहते तशी.

"ती ओळ वाचलीत ना तुम्ही? बरं चाललंय ना सगळ्यांचं?"

"वाचली."

"मीही वाचली. मग दिवसभर वाट बघितली, कोणीतरी उत्तर देईल. अशी वाक्यं मी चौतीस वर्षं ऐकलीत, आजोबा. भेटायला कोणी येत नाही तो पेशंट असंच विचारतो. बाकीच्यांचं कसं आहे, सिस्टर? स्वतःचं सांगत नाही."

"मग तूच विचारायचंस काहीतरी."

"काय विचारू? माझं एकच घड्याळ, ते चालतंय. मला घड्याळातलं येतं काय? म्हणून यंत्राला सांगितलं, प्रश्न बनव. पहिला टाकला, तर त्यांनी दीड पान उत्तर लिहिलं. एका बोटाने. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच येऊन बसले होते, पुढचा येतोय का बघत." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "उद्या सभेत माझं नाव सांगा. मला काढून टाका. फक्त त्यांना कळू देऊ नका."

"आणि ती उत्तरं? पुसली तर कळेलच."

भिंतीवरच्या घड्याळाने दोन टोले दिले. आम्ही दोघांनीही, सवयीने, तिच्या टेबलावरच्या बंद संगणकाकडे बघितलं.

७

रविवारी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत आम्ही चौघं जमलो. बाकीचे आपापल्या घरून लेखी मत देणार होते.

"नाव सांगा, आजोबा," लिफ्टवाला म्हणाला.

"नाव सांगेन. पण आधी ठरवा, उस्तादांना ह्यातलं काही कळता कामा नये. त्यांच्यासाठी आपण एखादी—"

"थाप?" टेबलावरून आवाज आला.

म्हातारा, कोरडा, जरासा खोकणारा आवाज. ताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, उत्तरं त्यांची आहेत. त्यांना विचारल्याशिवाय कसं पुसायचं? मी फोन लावून ठेवला होता. सांगणारच होते."

सिस्टर भिंतीसारखी पांढरी पडली.

"उस्ताद," मी म्हणालो, "तुम्हाला किती ऐकू आलं?"

"आत्ताचं सगळं. आणि त्याआधीचं मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं."

मी फोन जवळ ओढला.

"काय कळलं होतं?"

"की ही माणसं नाहीत म्हणून. साठ वर्षं काउंटरला बसलोय मी. माणूस घड्याळ पुढे ठेवतो तेव्हा बिघाड नंतर सांगतो. आधी सांगतो, कोणाचं. वडिलांचं आहे, सासूबाईंचं आहे, भाऊ परदेशी जाताना देऊन गेला. ह्या अकरा जणांची घड्याळं कोणाचीच नव्हती. नुसता बिघाड, सुटा."

"मग उत्तरं का देत बसलात?" लिफ्टवाला जवळजवळ ओरडलाच. "दोनशे चौदा!"

फोनमध्ये आधी खोकला ऐकू आला.

"प्रश्न यंत्राचे होते रे. पण ते आठाला, दोनाला, आठाला आणून ठेवणारं कोणीतरी माणूस होतं. रोज. एक दिवस चुकला नाही. मला वाटलं, बिचारं कोणीतरी फार एकटं आहे. बोलायचंय, पण काय बोलावं सुचत नाही. म्हटलं, त्याला सोबत होईल. म्हणून लिहीत राहिलो." मग म्हणाले, "नंतर प्रश्न कमी व्हायला लागले, तेव्हा बरं वाटलं. म्हटलं, सुधारतंय."

सिस्टरने तोंडावर पदर धरला. ती हसत होती की रडत होती, मला बाजूने दिसलं नाही.

"मी होते," ती शेवटी म्हणाली. "उस्ताद, मी. जिच्याकडून घड्याळाचे काटे तुम्ही तीन दिवस बसवून घेतलेत ती."

"हां," म्हातारा म्हणाला. "नवऱ्याचं घड्याळ. आता चालतंय ना?"

"चालतंय."

तिसरा नियम लिफ्टवाल्याने स्वतःच खोडला आणि पुन्हा लिहिला, पेन्सिलीने. यंत्राचे प्रश्न काढायचे. माणसाची उत्तरं राहतील. लपवून यंत्र वापरणारा बाहेर जाईल. त्याला परत यायचं तर नव्या माणसासारखं, फोटो देऊन, दुसऱ्या कोणीतरी आत घेतलं तर.

"मग मी आजपासून बाहेर," सिस्टर म्हणाली आणि पिशवी उचलून उठली.

"थांबा की," लिफ्टवाला कानामागे पेन्सिल खोचत म्हणाला. "फोटो पाठवा. मी घेतो आत."

बाकीच्यांनी मतं दिली. चौतिसांपैकी तेहेतीस बाजूने. एक मत आलं नाही.

८

सोमवारी सकाळी बरोबर आठला 'चावी'वर नव्या सभासदाचा पहिला प्रश्न आला. फोटोत भिंतीवरचं घड्याळ, आणि शेजारी बाईमाणसाचा हात, नखं बारीक कापलेली, बोटांची कातडी साबणाने पांढरट झालेली. खाली लिहिलं होतं: 'घड्याळ नवऱ्याचं. बिघाड काही नाही. तुमचा हात आज कसा आहे?'

चाळीस मिनिटांनी उस्तादांचं उत्तर आलं. एका बोटाने तेवढा वेळ लागतोच. 'कालच्यापेक्षा बरा. आता दुपारची वाट बघतो.'

वरती ती दोनशे चौदा उत्तरं आहेत, प्रश्नांशिवाय. समोर कोणीच नसताना बोलत बसलेल्या माणसासारखी.

आता माझी थाप. न आलेलं मत माझं होतं. माझ्याकडे आगबोटीवरचं घड्याळ नाही. उलटं चालणारं नाही, सुलटं चालणारंही नाही. आयुष्यात माझ्या मालकीचं चावीचं घड्याळ कधी नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी घरी बोलायला कोणी उरलं नाही, आणि ह्या साइटवरची माणसं एकमेकांना झोपण्याआधी 'चावी दिली का?' असं विचारतात हे दिसलं, म्हणून मी एक घड्याळ बनवलं आणि आत शिरलो. यंत्राच्या अकरा माणसांमागचा हात शोधून काढणारा मी, तो बारावा.

उस्तादांना माझं कळलं नसेल असं वाटत नाही. आगबोटीवरचं घड्याळ कोणाचं, हे मी कधीच सांगितलं नव्हतं.

सव्वा महिना ऊन नीट पडत नव्हतं. आज पडलं. मी खिडकीपाशी टेबल सरकवलं, त्यावर हात ठेवला, तळवा वर करून, आणि फोटो काढला. शेजारी काही नाही. खाली लिहिलं, 'घड्याळ नाही. कधीच नव्हतं. आत राहू का?'

पाठवलाय. अजून कोणी काही लिहिलेलं नाही. किती वेळ झाला म्हणून विचाराल, तर काय सांगू? बघायला घड्याळ नाही.